सात वर्षांची शिक्षा आणि आठव्या वर्षीचे अपील

हत्याराचा धाक दाखवून लुबाडणाऱ्या माणसाविषयी कोणाला सहानुभूती नसते आणि ती असावी, असा आग्रह धरण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. रात्री घरात शिरून गळ्याला सुरा लावणाऱ्या टोळीला किंवा महामार्गावर ट्रक अडवून चालकाला बांधून टाकणाऱ्यांना कठोर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्यावर आरोपी उच्च न्यायालयात अपील करतो, ते दाखल करून घेतले जाते आणि ते अंतिम सुनावणीला येईपर्यंत शिक्षेचा मोठा भाग, कधी कधी तर सगळी शिक्षा, भोगून झालेली असते. माझे म्हणणे असे आहे की, ठराविक मुदतीच्या शिक्षेविरुद्धचे पहिले अपील त्या शिक्षेचा निम्मा काळ उलटण्यापूर्वी निकाली निघाले पाहिजे. ते निघाले नाही तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामिनावर सुटका हा नियम असावा आणि ती नाकारायची असेल तर सरकारने त्या विशिष्ट माणसाविषयीचे कारण लेखी द्यावे. सशस्त्र लुटीच्या गुन्ह्याला यातून वगळू नये. उलट या गुन्ह्यात अशा नियमाची गरज अधिक आहे, आणि ती का, हे कायद्याच्या रचनेतच दिसते.

भारतीय दंड संहितेने चोरीला धाक किंवा इजा यांची जोड मिळाली की तिला जबरी चोरी म्हटले आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की दरोडा. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर केली असेल तर चौदा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. दरोड्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा जन्मठेप. या दोन्ही गुन्ह्यांच्या जोडीला कलम ३९७ येते. गुन्हा करताना आरोपीने घातक हत्यार वापरले, कोणाला जबर दुखापत केली किंवा तसा प्रयत्न केला, तर शिक्षा सात वर्षांहून कमी असता कामा नये, असे ते सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही तरतूद तिच्यात कलम ३११ म्हणून आली. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनी संहिताच लागू असल्यामुळे जुन्या प्रलंबित अपिलांत वाद ३९७ चाच आहे. किमान शिक्षा ठरवून दिली की न्यायाधीशाचे हात बांधले जातात. आरोपीचे वय एकोणीस आहे, गुन्हा पहिलाच आहे, हाती लागलेली रक्कम किरकोळ आहे, यांपैकी काहीही त्याला सात वर्षांच्या खाली उतरू देत नाही. शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे प्रक्रिया संहिता सांगते, पण सात वर्षांच्या आतल्या शिक्षेपुरते ते ऐकणे केवळ उपचार ठरते. अपिलातही तेच. दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणणे उच्च न्यायालयाच्या हाती नसते. त्यामुळे सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: हे कलम या आरोपीला लागतच होते का?

आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पाच जण दरोड्याला गेले, एकाच्या हातात पिस्तूल, एकाच्या हातात कोयता, दोघे रिकाम्या हातांचे आणि एक बाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा, असे प्रकरण असेल तर किमान सात वर्षे कोणाला? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली फूलकुमार निकालात दोन गोष्टी सांगितल्या. हत्यार उगारून वार केलाच पाहिजे असे नाही, समोरच्याला दिसेल आणि भीती वाटेल अशा रीतीने ते बाळगले तरी तो वापरच होय. त्याच वेळी, कलमातला अपराधी म्हणजे प्रत्यक्ष हत्यार वापरणारा इसम, त्याचे साथीदार नव्हेत. पहिला भाग फिर्यादी पक्षाच्या बाजूचा, दुसरा आरोपीच्या बाजूचा, आणि दोन्ही मला रास्त वाटतात. नुसत्या रोखलेल्या पिस्तुलाने माणसाचा जीव जितका घाबरतो तितका तो घाबरलाच, गोळी सुटली नाही म्हणून धाक कमी होत नाही. २००४ च्या अश्फाक निकालात गावठी पिस्तुलाबाबत हेच सांगितले गेले. पण बाहेर उभ्या असलेल्याला समान हेतूच्या आधारे तीच किमान शिक्षा देणे, हे कलमाच्या शब्दांत बसत नाही.

आता लक्षात घेण्याची बाब ही की, १९७५ मध्ये स्पष्ट झालेला हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्ये दिलावर सिंग निकालात पुन्हा मांडावा लागला आणि २०२१ मध्ये गणेशन निकालात आणखी एकदा, आणि दोन्ही वेळा प्रत्यक्ष हत्यार न वापरलेल्यांची ३९७ खालची दोषसिद्धी रद्द झाली. याचा अर्थ, शेहेचाळीस वर्षांनंतरही खालची न्यायालये संपूर्ण टोळीला एकाच मापाने मोजत होती आणि वरच्या न्यायालयातील पायऱ्याही ती चूक नेहमी पकडत नव्हत्या. हा पुराव्याच्या बारकाव्याचा वाद नाही. निकालपत्राच्या काही पानांवरून, हत्यार कोणाच्या हाती होते एवढे वाचून, दुसऱ्या कोणत्याही कागदाची वाट न पाहता तपासता येईल असा हा कायद्याचा प्रश्न आहे. असे अपील आठ वर्षे रांगेत उभे राहते, याचे समर्थन कामाच्या ओझ्याने होत नाही.

पुराव्याची बाजूही या गुन्ह्यात विशेष नाजूक असते. लूट बहुधा अंधारात, काही मिनिटांत, तोंडे झाकलेल्या अनोळखी माणसांकडून होते. मग दोषसिद्धीचा डोलारा तीन गोष्टींवर उभा राहतो: ओळख परेड, आरोपीने दाखवलेल्या जागेवरून केलेली मुद्देमालाची जप्ती आणि पंच. परेड उशिरा घेतली, तिच्या आधी आरोपी साक्षीदाराला पोलीस ठाण्यात दिसला किंवा त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, तर तिची किंमत घसरते. जप्तीचे पंच अनेक खटल्यांत फितूर होतात किंवा एकच पंच अनेक पंचनाम्यांवर सही करून गेलेला आढळतो. चोरीचा माल अल्पावधीत ज्याच्याकडे सापडला तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते; पण या दोहोंपैकी तो नेमका कोण, यावर सात वर्षे किमान की तीन वर्षे कमाल, हे ठरते, कारण चोरीचा माल जाणूनबुजून बाळगण्याला दंड संहितेच्या कलम ४११ खाली तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे. दरोड्याचे आणखी एक. पाच आरोपींपैकी दोघे निर्दोष सुटले आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी अनोळखी इसम होते असा निष्कर्ष न्यायालयाने काढला नाही, तर उरलेल्या तिघांचा दरोडा होऊ शकत नाही. पहिल्या अपिलात उच्च न्यायालय पुराव्याचे पुनर्मूल्यमापन करते ते म्हणूनच. सत्र न्यायालयाच्या निकालावर केवळ शिक्कामोर्तब करण्यासाठी ही पायरी ठेवलेली नाही.

चूक किती खोल असू शकते हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या एका भीषण प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. पुढे तो निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. जखमी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता, ही गोष्ट पहिल्यापासून कागदोपत्री होती. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला देण्यात आला. फाशीचे प्रकरण होते म्हणून देशातील उत्तम वकिलांचे आणि न्यायाधीशांचे लक्ष त्याच्याकडे गेले; सात किंवा दहा वर्षांच्या शिक्षेच्या अपिलाकडे असे कोणाचे लक्ष जात नाही, आणि तुरुंगातून बाहेर पडल्यावर त्याची फाइल कोणी उघडूनही पाहत नाही.

या वेळेचा हिशेब सरळ मांडून पाहावा. समजा एकाला सात वर्षांची शिक्षा झाली. खटला चालू असताना तो दीड वर्ष कोठडीत होता, तो काळ शिक्षेतून वजा होतो. चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी माफी धरली तर प्रत्यक्षात भोगायची उरतात साडेचार वर्षांच्या आसपास. अपील उच्च न्यायालयात साठ दिवसांत दाखल करायचे असते आणि ती चुकली तर आरोपीला उशिराचे कारण द्यावे लागते. त्यानंतर न्यायालयाला मात्र कोणतीही मुदत नाही. सत्र न्यायालयातून मूळ कागदपत्रे मागवायची, ती आली की पेपर बुक, म्हणजे खटल्यातील कागदांचा एकत्र संच, तयार करायचे, आणि साक्षी मराठीत नोंदलेल्या तर उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजीत, म्हणून त्यांचे भाषांतर करायचे, या सगळ्यांत महिने आणि वर्षे जातात. (ज्याच्या आयुष्याचा निकाल लागायचा आहे त्याला ना ते भाषांतर समजते ना युक्तिवाद, हा निराळा विषय आहे, पण तो विसरण्याजोगा नाही.) मग अंतिम सुनावणीची यादी, आणि तिच्यात जन्मठेपेची अपिले आधी. हा क्रम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण जन्मठेपेचा कैदी अपील पाच वर्षांनी आले तरी काही मिळवू शकतो, सात वर्षांच्या कैद्याला तोवर मिळण्यासारखे फक्त निष्कलंक नाव उरते. सुटकेनंतरही अपील गुणवत्तेवर ऐकावेच लागते, वकील हजर नाही म्हणून ते फेटाळता येत नाही, हे १९९६ च्या बाणी सिंग निकालापासून ठरलेले आहे. भोगलेली वर्षे त्याने परत येत नाहीत.

न्यायालयांना हे ठाऊक नाही, असे नाही. १९७७ च्या कश्मिरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, जो गुन्हा माणसाने केलाच नव्हता असे शेवटी ठरू शकते त्यासाठी त्याला पाच-सहा वर्षे तुरुंगात ठेवणे ही न्यायाची विटंबना ठरेल आणि वाजवी काळात अपील ऐकता येत नसेल तर जामीन द्यावा. १९९९ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात, तेही जबरी चोरी आणि ३९७ या कलमांखालचेच, न्यायालयाने आणखी स्पष्ट शब्दांत सांगितले की, ठराविक मुदतीच्या शिक्षेत अपवादात्मक परिस्थिती नसेल तर शिक्षेला स्थगिती देण्याबाबत उदार धोरण ठेवावे, आणि देता येत नसेल तर अपीलच लवकर ऐकावे. पण हे सारे न्यायाधीशाच्या विवेकाधिकारावर सोपवलेले राहिले. एका खंडपीठापुढे स्थगिती मिळते, शेजारच्या दालनात तशाच प्रकरणात नाकारली जाते. विवेकाधिकार असावा, पण काळाच्या मोजमापाला त्याच्या बाहेर जागा हवी.

असे मोजमाप कायद्याला परके नाही. कच्च्या कैद्याने त्याच्यावरील गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला की जामिनावर सुटका, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ म्हणून आली. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्याच वेळी गुन्हा करणाऱ्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली, मात्र त्याच वेळी जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे, म्हणजे दरोडाही, तिच्यातून वगळून टाकले. ही तरतूद तपास, चौकशी आणि खटला या टप्प्यांपुरती आहे. अपिलाचा टप्पा तिच्यात नाही. म्हणजे खटला रेंगाळला तर त्याचा दोष आरोपीवर ढकलू नये हे संसदेला पटले, पण अपील रेंगाळले तर त्याबद्दल ती काहीच बोलत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, कच्चा कैदी आणि पक्का कैदी यांत फरक आहे; न्यायालयाने पुरावा ऐकून दोषी ठरवल्यावर निर्दोषत्वाचे गृहीतक संपते. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी दोषसिद्धीनंतर लगेच सुटका मागत नाही. शिक्षेचा पहिला अर्धा भाग भोगावाच लागेल, दोषसिद्धीला एवढे वजन मी देतो. मात्र पहिले अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे, पुरावा पुन्हा तपासण्याची ती एकमेव खात्रीची पायरी आहे, आणि ती झाल्याशिवाय दोषसिद्धी पूर्ण झाली असे मानणे म्हणजे ती पायरी अनावश्यक ठरवणे. दुसरा आक्षेप सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करेल, हा. काही जण करतील. ज्याच्यावर अशा गुन्ह्यांच्या आधीच्या दोषसिद्धी आहेत, ज्याने साक्षीदाराला धमकावले आहे, ज्याच्या हाती टोळीची सूत्रे आहेत, त्याच्याबाबत सरकारी वकिलाने तसे लेखी मांडावे. दहा वर्षे किंवा अधिक शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांत स्थगितीपूर्वी सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडण्याची संधी आजही कायद्यानेच दिलेली आहे. गुन्हा गंभीर आहे, एवढे एक छापील वाक्य त्यासाठी पुरेसे मानू नये.

लुटल्या गेलेल्या माणसाचे काय? त्याची भीती खरी असते आणि ती वर्षानुवर्षे जात नाही. दारावर थाप पडली की दचकणाऱ्या बाईला अपिलाचे तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. पण रेंगाळलेल्या अपिलाने तिला काय दिले, हेही विचारावे. तिचे दागिने सापडले असतील तर ते अनेकदा हमीपत्रावर तिला परत मिळतात, मागतील तेव्हा हजर करण्याच्या अटीसह, आणि ही अट अपील संपेपर्यंत मानेवर राहते. दोषसिद्धी चुकीची असेल तर खरे गुन्हेगार मोकळे आहेत, हे तिला दहा वर्षांनी कळून उपयोग नाही. नाशिकच्या प्रकरणात ज्या चौघांकडे बोट दाखवले गेले होते, त्यांचा तपास पंधरा वर्षांनंतर करायचा म्हटले तरी हाती काय लागणार होते?

वकिलाचा प्रश्न थोडक्यात. तुरुंगातील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, असे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा सांगतो. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९७८ मध्ये, महाराष्ट्रातल्याच होस्कोट प्रकरणात निकालाची प्रत कैद्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, या वादातून सर्वोच्च न्यायालयाने निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील हे दोन्ही राज्यघटनेच्या कलम २१ चे, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे, भाग ठरवले. कैद्याला तुरुंग अधीक्षकामार्फतही अपील पाठवता येते. मार्ग आहेत, ते दाखल करण्यापर्यंत नेतात. नेमून दिलेला वकील आपल्या अशिलाला एकदाही न भेटता युक्तिवादाला उभा राहतो, तेव्हा कोयता नेमका कोणाच्या हातात होता हा प्रश्न विचारायलाच कोणी नसते.

न्यायाधीश कमी आहेत, हे उत्तर मला ऐकायचे आहे, कारण ते खरे आहे आणि त्यावर उपायही सांगितला गेला आहे. राज्यघटनेच्या कलम २२४-अ खाली निवृत्त न्यायाधीशांना उच्च न्यायालयात पुन्हा बसवता येते. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घातलेल्या अटी सैल करून, विद्यमान न्यायाधीशाच्या जोडीने बसून केवळ प्रलंबित फौजदारी अपिले ऐकण्यासाठी अशा नेमणुका करण्याची वाट मोकळी केली. या खंडपीठांकडे आधी काय द्यावे याची निवड आता उच्च न्यायालयांनी करायची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सहा जिल्ह्यांतील लोकांचे मुंबईचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले, परंतु तुरुंगातल्या माणसाला अंतर कमी झाल्याचा फारसा लाभ नाही, त्याला तारीख हवी आहे. ज्या अपिलांत कैदी प्रत्यक्ष तुरुंगात आहे, शिक्षा मुदतीची आहे आणि निम्मी होत आली आहे, त्यांची वेगळी यादी तुरुंग प्रशासनाच्या नोंदींवरून सहज करता येते. त्यातही केवळ ३९७ लागू होते की नाही, एवढाच वाद असलेली अपिले एका दुपारी अनेक ऐकून होतील.

उरते ती भरपाई. निर्दोष सुटलेल्या माणसाला तुरुंगात गेलेल्या वर्षांबद्दल भरपाई मागण्याचा वैधानिक हक्क आपल्याकडे नाही; निराधार अटकेबद्दल एक हजार रुपयांपर्यंत भरपाईची जुनी तरतूद नव्या संहितेनेही तशीच पुढे नेली. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या फौजदारी कारवाईसाठी भरपाईची स्वतंत्र व्यवस्था सुचवली होती, पण २०२३ मध्ये तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिताना तिला जागा मिळाली नाही. अपील मंजूर होऊन सुटलेल्या कैद्याला शिक्षेच्या निम्म्यानंतर तुरुंगात काढलेल्या प्रत्येक महिन्याचे पैसे राज्याच्या तिजोरीतून, एका ठरलेल्या दराने, वेगळा दावा लावायला न लावता मिळाले पाहिजेत. अशी तरतूद झाली तर मूळ कागदपत्रे कोणत्या जिल्ह्यातून अजून आलेली नाहीत, भाषांतर कोणाच्या टेबलावर आहे आणि सरकारी वकिलाने किती वेळा मुदत मागितली, याची चौकशी वित्त विभागच करू लागेल.